मागच्या सीटवरची मेंढी

आमच्या सार्डिनियात बकरीला क्राबा म्हणतात. माझंही नाव क्राबा, पण मी बकरी नाही. मी एक चौकोनी तोंडाची, एके काळी पांढरी असलेली छोटी गाडी आहे. सध्या ओलोनी गावाच्या वरच्या अंगाला, बोबोरेकाकांच्या मेंढवाड्यात भिंतीला टेकून उभी आहे. चाकं काढून दगडांवर ठेवलंय मला, आणि बोनेटवर कोंबड्या बसतात. तिथूनच बोलतेय, तेव्हा मध्येच कुणी कोकललं तर ऐकून घ्या.

माझा जन्म समुद्रापलीकडचा, मुख्य भूमीवरच्या एका कारखान्यातला. माझ्यासारख्या कितीतरी जणी तिथे एका रांगेत तयार झाल्या. त्यातल्या काही मोठ्या शहरांत गेल्या असतील, सावलीत उभ्या राहिल्या असतील. मला बोटीत घातलं आणि या बेटावर आणून सोडलं. बोबोरेकाका मला न्यायला आले तेव्हा त्यांच्या अंगाला मेंढ्यांचा वास येत होता. मी नवी कोरी, मला कसंसंच झालं. आठवड्याभरात माझ्याही अंगाला तोच वास येऊ लागला आणि तो प्रश्न मिटला.

नाव ठेवलं काकांनीच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला रस्ता सोडून ओकच्या झाडांतून थेट वाड्यावर चढवलं. वर पोचल्यावर खाली उतरले, टपावर थाप मारली आणि म्हणाले, "ही गाडी कसली, क्राबा आहे क्राबा!" काका कौतुक फार करत नाहीत. त्यामुळे तेवढं एक मी जपून ठेवलंय.

त्यांच्या बायकोनं, बोनारिआकाकूंनी, माझ्या मागच्या सीटवर स्वतः विणलेली जाड लोकरीची घोंगडी अंथरली. त्या घोंगडीवर दुधाचे कॅन बसले, चाऱ्याची पोती बसली, अवेळी जन्मलेली कोकरं बसली, आणि सणाच्या दिवशी पापडासारख्या पातळ पावाच्या चळती बसल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा मिआली त्याच घोंगडीवर झोपून शाळेतून घरी यायचा. पुढे तो माझ्यावरच गाडी शिकला. माझ्या क्लचचे जे हाल झाले ते मी सांगत नाही, लेकरू होतं.

एकदा काकांनी मला फार लांब नेलं. पश्चिमेकडच्या डोंगरात कुणा बाइन्झु नावाच्या मेंढपाळाचा कळप वणव्यात गेला होता. आमच्याकडे रीत अशी की कुणाचा कळप आगीत किंवा रोगात गेला, तर बाकीचे मेंढपाळ प्रत्येकी एक मेंढी नेऊन त्याच्या वाड्यात सोडतात. याला पारादुरा म्हणतात. ज्याचं गेलं तो मागत नाही, आणि देणारा उपकार म्हणून देत नाही. मेंढी सोडायची, एक पेला वाइन प्यायची, हवापाण्याचं बोलायचं आणि निघायचं. काकांची त्या माणसाशी ओळख नव्हती, नुसतं कानावर आलं होतं. तरी त्यांनी आपल्या कळपातली सगळ्यात चांगली तरुण मेंढी निवडली आणि मागच्या सीटवर बसवली.

तिथे पोचल्यावर बाइन्झुच्या वाचलेल्या एकुलत्या एक एडक्याला माझ्या चकचकीत दारात दुसरा एडका दिसला. त्यानं डोकं खाली घातलं आणि दिली धडक. डाव्या दाराला हा एवढा पोचा पडला. बाइन्झु बिचारा ओशाळला. काका पोटभर हसले आणि म्हणाले, "राहू दे, आठवण म्हणून." तो पोचा त्यांनी कधीच काढून घेतला नाही.

वर्षं गेली. बोनारिआकाकू आजारी पडल्या आणि गेल्या. घरात दोन पुरुष उरले, आणि दोघांनाही बोलणं जमत नव्हतं. पूर्वी बापाचा निरोप मुलाला आणि मुलाचा बापाला काकूच द्यायच्या. आता दोघं एकमेकांसमोर बसून जेवत आणि उठत. जे काही बोलायचं ते माझ्यात बसून एकेकटे बोलत. काका स्टिअरिंगशी बोलत, मिआली समोरच्या काचेशी. माझ्या पोटात दोघांचंही सगळं साठत गेलं.

मग एका उन्हाळ्यात जोराचा वारा सुटला आणि खालच्या रानातून आग वर आली. काका आणि मिआली दूध घालायला गेले होते, मी त्यांच्याबरोबर होते. परत येईपर्यंत वाड्याची भिंत तेवढी उभी होती. मेंढ्या एका कोपऱ्यात दाटून तशाच मेल्या होत्या. काका खाली उतरले, सगळ्यावरून एकदा नजर फिरवली आणि पुन्हा येऊन माझ्यात बसले. किल्ली त्यांनी तीनदा उलटी घातली. मी त्यांना त्याआधी कधी तसं पाहिलं नव्हतं.

आता जे घडलं ते नीट ऐका, कारण सगळं त्यावरच अडलं.

गावातल्या बारसमोर मी उभी होते. आमच्याकडचे पुरुष बारच्या आत कमी आणि दारातल्या गाड्यांना टेकून जास्त पितात. देझोगुसकाका, गावातला सगळ्यात जुना मेंढपाळ, माझ्या बोनेटला टेकला होता. त्यानं मिआलीला विचारलं, "तुझ्या बापाचं आता पुढे कसं?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. बोबोरे कळप पुन्हा उभा करणार असेल तर आम्ही मेंढ्या घेऊन येतो, असा तो अर्थ. मिआलीलाही तो कळला. पण त्यानं बापाला किल्ली उलटी घालताना पाहिलं होतं. म्हाताऱ्याला आता या वयात पुन्हा जुंपायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. तो म्हणाला, "बाबा दमले, देझोगुसकाका. आता बास म्हणतात. मी पण जर्मनीला चाललोय, ओळखीच्यानं काम लावून दिलंय."

देझोगुसनं मान डोलावली. आमच्याकडे मुलाचा शब्द म्हणजे घराचा शब्द. बास म्हटल्यावर मेंढी घेऊन जाणं म्हणजे त्या माणसाला टोचणं. म्हणून कुणी आलं नाही.

आणि वर वाड्यावर काका वाट पाहत होते. त्यांनी जळालेलं फाटक उचलून बाजूला टाकलं, दुसरं करून बसवलं, ते उघडलं आणि दोरीनं मागे बांधून ठेवलं. रोज सकाळी मला फाटकासमोर उभं करायचे आणि माझ्यात बसून रस्त्याकडे बघत राहायचे. मिआली त्यांना लांबून बघायचा आणि समजायचा, बाबांना वाड्यात पाऊल टाकवत नाही. मी मात्र ऐकत होते. "कुणीच कसं येत नाही गं क्राबे," काका म्हणायचे. "एवढं कुणाचं वाकडं केलं मी?"

काका मागणार नव्हते, कारण मागायचं नसतं. मिआली विचारणार नव्हता, कारण त्याला उत्तर माहीत आहे असं वाटत होतं. आणि मी गाडी. हॉर्न वाजवावा असं शंभरदा वाटलं, पण तो आम्हाला आपला आपण वाजवता येत नाही.

उन्हाळा सरत आला तसं मिआलीचं जायचं ठरलं. जाण्याआधी बेटाला एक फेरी मारायची, असं त्याच्या मित्रांनी काढलं. एक ग्राझिएल्ला, त्याच्याबरोबर शाळेत असलेली, आता औषधाच्या दुकानात कामाला. तोंडानं फटकळ. दुसरा आन्तिओगो, दक्षिणेकडच्या कोळ्याचा मुलगा. हॉटेलच्या स्वयंपाकघरात मिआलीबरोबर हंगामी काम केलेला, अंगानं माझ्या दारापेक्षा रुंद. खिसे तिघांचेही हलके. ठरलं असं की झोपायचं तंबूत, खायचं घरून नेलेलं, आणि शेवटी ओल्बिया बंदरात मला विकून मिआलीनं बोटीत बसायचं. काकांना विचारलं तर म्हणाले, "ने. मला आता गाडी कशाला?" माझ्यासमोर म्हणाले हे. मला राग यायला हवा होता, पण त्यांच्याकडे बघून नुसतं वाईट वाटलं.

निघालो. पुढे मिआली आणि आन्तिओगो, मागे ग्राझिएल्ला, तंबू, चीजचं एक अख्खं चाक आणि पावाची चळत. पूर्वेचा किनारा उतरलो. आन्तिओगो दर वळणावर म्हणायचा, "ब्रेक आहेत ना रे हिला?" आणि ग्राझिएल्ला म्हणायची, "तू पाय खाली घास, तेवढंच पुरेल." समुद्राच्या कडेला मला उभी करून तिघं पोहायला जायची आणि ओली तशीच येऊन बसायची. काकूंच्या घोंगडीत वाळू शिरली. दक्षिणेत आन्तिओगोच्या आत्यानं त्यांना टूना मासा खाऊ घातला, बरोबर बांधून दिला आणि मला बघून म्हणाली, "या डब्यातून आलात? सगळे जिवंत?" डबा काय! पण माणसं चांगली होती, म्हणून सोडून दिलं.

मिआली हसायचा तेव्हा हसायचा, पण एकटा माझ्यात असला की हसू मावळायचं. एका पेट्रोल पंपावर ती दोघं उतरली तेव्हा तो काचेला म्हणाला, "बाबा स्वयंपाक तरी करतील का?"

पश्चिमेकडून वर चढताना मी तापले. म्हातारपण, ऊन आणि आन्तिओगो, तिन्ही एकदम झेपेना. बोनेटमधून वाफ निघाली आणि घाटात, मेंढ्यांच्या एका वाड्याच्या तोंडाशी मी बसले. ग्राझिएल्ला उतरून म्हणाली, "झालं! हिला विकणार होतास ना? ऐकलं बघ हिनं."

वाड्यातून एक वाकलेला माणूस पाण्याची बादली घेऊन आला. कोण, कुठले, काही विचारलं नाही. "इंजिन गार होऊ दे. तोवर आत येऊन खा," एवढंच म्हणाला. आमच्याकडे असंच असतं, आधी खायचं, मग नाव सांगायचं. आन्तिओगो दारात पोचलासुद्धा होता. म्हातारा मात्र आत गेलाच नाही. तो माझ्या डाव्या दाराशी थांबला, पोच्यावरून हात फिरवला आणि वळला.

"गाडी कुणाची?"

"माझ्या बाबांची," मिआली म्हणाला. "ओलोनीचे बोबोरे."

"हा पोचा माझ्या एडक्यानं पाडलाय," म्हातारा म्हणाला. "मी बाइन्झु. ओळख ना पाळख, तुझा बाप माझ्याकडे मेंढी घेऊन आला होता. आज माझ्या वाड्यात आहेत त्यातल्या निम्म्या तिच्या पोटच्या. कसा आहे तो? आणि कळप?"

मिआलीनं सांगितलं. बाइन्झुनं टोपी काढली.

"मग लोक आले ना मेंढ्या घेऊन?"

"नाही आले. बाबांनी सोडलं आता."

"त्यानं सांगितलं तुला तसं?"

"सांगितलं नाही, पण..."

"पण काय?"

"दिसतं ना काका. वाड्यात जात नाहीत. फाटकाबाहेर गाडीत बसून राहतात, रस्त्याकडे तोंड करून."

"आणि फाटक?"

मिआली गोंधळला. "फाटक काय? उघडं असतं. दोरीनं बांधलेलं."

ग्राझिएल्ला हळूच म्हणाली, "मिआली, ज्याला बास करायचंय तो नवं फाटक कशाला बसवेल रे? आणि बसवून उघडं कशाला ठेवेल?"

मिआली माझ्या बोनेटवर हात टेकून उभा राहिला. बोनेट अजून चटका देण्याइतकं गरम होतं, तरी त्यानं हात काढला नाही.

बाइन्झु वाड्यात गेला आणि एक तरुण मेंढी धरून बाहेर आला. काळ्या तोंडाची, कान ताठ, अगदी काकांनी नेलेल्या तिच्या आजीसारखी. त्यानं मागचं दार उघडलं, तंबू बाहेर फेकला आणि मेंढी घोंगडीवर बसवली.

"काका, आम्ही फिरायला निघालोय!" मिआली म्हणाला. "उद्या माझी बोट आहे."

"मी तुला कुठे देतोय? ही बोबोरेची आहे. तू फक्त गाडी चालव." आणि तो सगळ्यांना घेऊन जेवायला आत गेला. नाही म्हणायची सोयच नव्हती. मेंढी नाकारणं म्हणजे म्हाताऱ्याच्या तोंडावर थुंकणं.

पुढचा प्रवास असा झाला: ग्राझिएल्लाच्या मांडीवर मेंढीचं डोकं, आन्तिओगोच्या मांडीवर तंबू. मेंढीनं आत्याच्या माशाचा कागद खाल्ला आणि नकाशाचा उत्तरेकडचा भाग खाल्ला. "बरं झालं," आन्तिओगो म्हणाला, "ओल्बिया गेलं पोटात. आता जाणार कसा?" एका वळणावर पोलिसांनी हात केला. पोलीस आत वाकला आणि विचारलं, "मागे कोण?" ग्राझिएल्ला म्हणाली, "एक मी, दुसरी मेंढी. फरक दिसतोय ना?" तो तोंड उघडणार, तेवढ्यात मिआली म्हणाला, "माझ्या बाबांचा कळप जळाला." पोलिसाचा हात कमरेवरून खाली आला. त्यानं मेंढीकडे पाहिलं, मिआलीकडे पाहिलं आणि रस्ता मोकळा करून दिला.

नुओरो शहर मागे टाकल्यावर फाटा येतो. डावीकडे ओल्बियाचं बंदर, उजवीकडे ओलोनीचा चढ. मिआलीनं मला फाट्यावर थांबवलं. मग त्यानं स्टिअरिंग उजवीकडे वळवलं. मी इतक्या जुन्या वयात तो चढ कसा चढले ते मलाच माहीत नाही. टपावर थाप पडली नाही, पण मला तो पहिला दिवस आठवला.

गावात शिरलो तेव्हा दिवस होता आणि बारसमोर सगळे होते. मिआलीनं मुद्दाम हळू नेलं मला. मेंढीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं. देझोगुस पेला हातात घेऊन पुढे आला.

"कुणाची रे मेंढी?"

"बाबांची."

"बाबा तर बास म्हणाले होते ना?"

"बाबा नाही म्हणाले, देझोगुसकाका. मी म्हणालो. त्यांना विचारलंच नव्हतं मी."

देझोगुसनं पेला माझ्या टपावर ठेवला. "गाढवा," तो म्हणाला, आणि मग बाकीच्यांकडे वळून, "आणि आपण काय कमी गाढव! बोबोरेला नाही विचारलं, पोराला विचारलं." पेला तसाच ठेवून तो घराकडे चालायला लागला.

वर वाड्यावर काका फाटकाजवळच्या दगडावर बसले होते. मी नव्हते ना, बसायला काय राहिलं होतं? मला बघून ते उठले. मिआलीनं मागचं दार उघडलं, मेंढी उतरली आणि उघड्या फाटकातून सरळ आत गेली. काकांनी तिच्यामागे जाऊन तिच्या कानावरची खूण पाहिली.

"बाइन्झुची," ते म्हणाले.

"बाबा, मला वाटलं तुम्हाला नको असेल आता."

"विचारलंस कधी?"

"नाही."

काकांनी मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. "मला वाटलं गावानं टाकलं मला," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि बापाला रडताना बघून त्या पोराचंही अवसान गळालं. मग दोघांत बोलणं झालं, पण ते वाड्याच्या आत. मी बाहेर होते. पहिल्यांदाच त्यांना बोलायला मी लागले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक यायला लागले. कुणी चालत, कुणी टेम्पोतून, देझोगुस तर मेंढी खांद्यावर घेऊन, या वयात. प्रत्येकानं एक सोडली, एक पेला प्यायला, वाऱ्याबद्दल दोन शब्द बोलला आणि गेला. आगीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ग्राझिएल्ला पेले विसळत होती. आन्तिओगो मेंढ्यांना घाबरून माझ्यात काचा लावून बसला होता. संध्याकाळी काकांनी फाटकाची दोरी सोडली आणि फाटक लावून घेतलं. आत मेंढ्या असल्या की फाटक लावावं लागतं.

बोट केव्हाच निघून गेली होती. काका म्हणाले, "जायचं तर पुढच्या बोटीनं जा. मी आडवा येणार नाही." मिआली म्हणाला, "मेंढ्या विऊ देत, मग बघू." मग चीजचा हंगाम आला, मग लोकर कापणी. जर्मनीचं नाव अधूनमधून निघायचं, हळूहळू तेही निघेनासं झालं. मला विकायचं नाव कुणी काढलं नाही.

पुढे माझं इंजिन कायमचं बंद पडलं. भंगारवाला आला होता, काकांनी त्याला वाइन पाजून परत पाठवला. तेव्हापासून मी इथे. थंडीत अशक्त कोकरं माझ्या मागच्या सीटवर झोपतात. काका अजूनही कधीकधी पुढच्या सीटवर येऊन बसतात, पण बोलायला नाही, डुलकी काढायला.

तक्रार करायला जागा नाही. छप्पर गळतं, पण ते माझंच आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे. जवळच्या माणसाला काय हवं, काय नको, हे त्याच्याकडे लांबून बघून ठरवू नका. मला दोघांचंही सगळं माहीत होतं आणि तोंड नव्हतं. तुम्हाला आहे, तर विचारा.

परवा समुद्राकडच्या एका गावात कुणाचा तरी कळप रोगानं गेल्याचं कळलं. काका ओळखत नाहीत त्या माणसाला. मिआलीनं सगळ्यात चांगली मेंढी निवडली. त्याच्याकडे आता नवी निळी गाडी आहे, सीटना मऊ कापड आहे. काका माझ्याकडे आले, मागचं दार ओढून उघडलं आणि काकूंची घोंगडी काढली. ती निळ्या गाडीच्या मागच्या सीटवर अंथरली आणि वर मेंढी बसवली. मग जाता जाता माझ्या टपावर थाप मारली.

"येतो गं क्राबे," काका म्हणाले.

निळी गाडी उतार उतरून दिसेनाशी झाली. माझी मागची सीट आता उघडी आहे, थोडी गार लागते. घोंगडी परत येईल. मेंढी मात्र मागच्यासारखी फिरून आमच्याकडे यायची वेळ येऊ नये.